बीव्हर, वीस जोड्या

दाऊदभाई सय्यदांना त्यांच्या लेकीनं, तमन्नानं, पुण्याहून मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यापायी मोरदऱ्यात पुढचे पाच महिने जो गोंधळ झाला, त्याबद्दल विचारलं की ती बिचारी अजूनही एवढंच म्हणते, "अब्बा, मी तो गंमत म्हणून पाठवला होता." पण दाऊदभाईंना गंमत म्हणून काही पाठवू नये, हे तिला एव्हाना कळायला हवं होतं. बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस हाती आलेल्या प्रत्येक गोष्टीवर काहीतरी कार्यवाही करतोच, निवृत्त झाला तरी.

व्हिडिओ जेमतेम दोन मिनिटांचा. विलायतेतल्या कुठल्याशा खेड्यात बीव्हर नावाचा प्राणी शेकडो वर्षांपूर्वी शिकारीपायी संपला होता, तो लोकांनी दुसरीकडून आणून पुन्हा ओढ्यात सोडला होता. पेटीचं दार उघडलं. आतून एक गुबगुबीत, चपट्या शेपटीचा, नारिंगी दातांचा प्राणी डुलत बाहेर आला, कोणाकडेही न बघता पाण्यात उतरला आणि थेट कामाला लागला. झाड कुरतडून पाडलं, फांद्या ओढत आणल्या, चिखल थापला. व्हिडिओ संपायच्या आत ओढ्यावर बांध तयार, बांधामागं तळं, तळ्यात बदकं.

दाऊदभाईंनी तो सलग सात वेळा पाहिला. त्यांची सगळी नोकरी बांधबंदिस्तीच्या खात्यात कारकुनीत गेली होती. एक बांध उभा करायचा तर आधी पाहणी, मग अंदाजपत्रक, मग तांत्रिक मंजुरी, मग प्रशासकीय मंजुरी, मग निविदा, पहिल्या निविदेला कोणी फिरकलं नाही म्हणून दुसरी निविदा, आणि एवढं होईपर्यंत पाहणी केलेला साहेब बदलून गेला म्हणून पुन्हा पाहणी, हे सगळं त्यांच्या अंगात मुरलेलं. आणि हा जाड्या कुठल्याही टेबलावर न जाता कामाला हात घालतो, वर काम पूर्णही करतो! आठव्यांदा बघण्याआधी त्यांनी चष्मा पुसला आणि बायकोला हाक मारली.

शरिफाबी एरवी घरात दखनी बोलत, पण टोमणा मारायचा असला की अस्सल मराठीवर येत. त्यांनी व्हिडिओ उभ्या उभ्याच पाहिला.

"उंदीर हाय की ह्यो," त्या म्हणाल्या.

"उंदराच्या जातीतला आहे. गुणानं इंजिनिअर आहे."

"कोठीतले चार उंदीर दोन वर्सं झाली तुमच्यानं निघना झालेत, आन् आता इलायतेहून आनताय व्हय?"

मोठ्या कामाला घरातून नेहमीच विरोध होतो, अशी दाऊदभाईंनी स्वतःची समजूत घातली आणि कोरा कागद काढला.

आता इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, जी दाऊदभाईंसमोर काढलेली त्यांना खपत नाही. चौदा वर्षांपूर्वी गावाशेजारच्या फकिराच्या ओढ्यावर त्यांच्याच खात्यानं मातीचा बांध घातला होता. ठेकेदारानं माती दाबायचे कष्ट घेतले नव्हते, त्यामुळं बांध पहिल्याच पावसात वाहून गेला. चौकशी लागली. साहेबांनी मजकूर सांगितला आणि दाऊदभाईंनी आपल्या सुरेख अक्षरात उतरवून घेतला: 'सदर बांध उंदीर व घुशींनी पोखरल्यामुळे फुटला असून त्यात कोणाचाही दोष दिसून येत नाही.' त्या बांधावर एकही घूस कोणी पाहिली नव्हती. पुढं गावातल्या कोणीतरी माहितीच्या अधिकारात अहवालाची नक्कल मिळवून ग्रामसभेत वाचली, आणि अक्षर सगळ्यांनी ओळखलं. तेव्हापासून मोरदऱ्यात त्यांना घुशीवाले दाऊदभाई म्हणतात. गावात आणखी एक दाऊद सय्यद आहेत, त्यामुळं लग्नपत्रिकेच्या पाकिटावरसुद्धा नावापुढं कंसात 'घुशीवाले' असं लिहून येतं. पत्रिका मनापासूनच दिलेली असते, म्हणून रागावताही येत नाही.

त्या ओढ्यात एकदा तरी पाणी थांबलेलं बघावं आणि हे नाव पुसलं जावं, एवढीच त्यांची निवृत्तीनंतरची इच्छा होती. ती त्यांनी कोणाला बोलून दाखवली नव्हती. ज्या जातीवर आपण खोटा आळ घेतला त्याच जातीतलं कोणी येऊन बांध घालणार, याचं त्यांना फार बरं वाटलं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली. दाऊदभाईंनी मोबाईल फिरवला आणि विषय मांडला. सरपंच आप्पासाहेबांनी तो ऐकून घेतला, कारण त्या दिवशी दुसरा विषय गटाराचा होता आणि तो त्यांना नको होता.

"काय खातंय हे?" कानिफनाथनं विचारलं. हा दाऊदभाईंचा शेजारी, बारा शेळ्यांचा धनी, आणि खोटं बोलायची कला ज्याला जन्मात साधली नाही असा माणूस.

"झाडाची साल, पाला."

"मंजे शेळीच म्हना. येडी बाभळ खाईल का?"

"खाईल, बहुतेक."

यावर सभेत चैतन्य आलं. फकिराचा ओढा वेड्या बाभळीनं असा गच्च भरलेला होता की त्यात शिरलेली शेळी शोधायला दुसरी शेळी सोडावी लागे.

"पर बिबट्या त्याला ठिवील का?" मागून कोणीतरी म्हणालं. बिबट्यानं गावात आणखी काय ठेवलंय यावर दहा मिनिटं गेली. मग कानिफनाथ पुन्हा म्हणाला, "भाई, त्यो पान्यात ऱ्हातंय म्हनता. उन्हाळ्यात वढ्यात पानी कुटंय?"

"बीव्हर आला की पाणी थांबेल."

"आन् पानी न्हाई तवर बीव्हर थांबंल का?"

"सुरुवातीला थोडी व्यवस्था करावी लागेल."

"मंजे बीव्हरला टँकर लावायचा?" आप्पासाहेब ओरडले. टँकर हा शब्द कानावर पडताच आतापर्यंत आपसात बोलत बसलेल्या चार बायका एकदम म्हणाल्या, "आमचं अनुमोदन हाय."

सगळ्यात शेवटी बनुबाई उठल्या. वीस कोयत्यांच्या ऊसतोड टोळीत त्यांचा शब्द चाले. आमच्याकडं नवराबायकोच्या एका जोडीला एक कोयता म्हणतात, म्हणजे चाळीस माणसं झाली. ही टोळी दिवाळी झाली की ट्रॅक्टरवर बसून निघते ती चैत्रात परत येते.

"मला येकच इचारायचंय," त्या म्हणाल्या. "पानी पुसापातुर ऱ्हाईल का? आमी जातो तिकडं. मागं सासू, आमच्या आत्याबाई, येकल्या ऱ्हात्यात. वढा आटला की त्यास्नी मळ्यापातुर हंडा घिऊन जावं लागतंय. सत्तर वर्सांची बाई हाय."

"पौषापर्यंत राहील," दाऊदभाई म्हणाले. हे त्यांनी कशाच्या आधारावर म्हटलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. बनुबाईंच्या चेहऱ्याकडं बघून दुसरं काही म्हणताच येईना.

"मंग आना त्यो उंदीर," बनुबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

दाऊदभाईंनी दोन जोड्या मागायचा मसुदा आणला होता. आप्पासाहेबांनी तो मोडीत काढला. सरकारकडं दोन मागितले तर काहीच मिळत नाही, वीस मागितले तर दोन मिळतात, हा त्यांचा तीन निवडणुकांचा अनुभव होता. ग्रामसेवक सुनील यांनी ठराव लिहिला: 'बीव्हर जातीचे प्राणी, वीस जोड्या, गावाच्या ओढ्यात सोडणेसाठी मिळणेबाबत.' सूचक दाऊद सय्यद, अनुमोदक कानिफनाथ. दोनशे चौदा सह्या आणि अंगठे झाले. त्यातले निम्मे टँकरसाठी होते.

मग अर्ज फिरू लागला. पहिल्या कार्यालयात सांगण्यात आलं की हा प्राणी यादीत नाही, म्हणजे जंगली नाही, म्हणजे पाळीव असणार, तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात जा. दवाखान्यात विचारलं, "कानाला बिल्ला मारलाय का? दुभतं आहे की भाकड?" दाऊदभाई म्हणाले की प्राणी अजून यायचा आहे. "मग आल्यावर घेऊन या," असं उत्तर मिळालं, आणि त्यात खोट काढता येईना.

तिसरा मार्ग ऑनलाइनचा होता. पाथर्डीला स्टँडजवळ श्रीमंत नावाचा एक जण अर्ज भरून देतो. त्यानं यादी उघडली: गाय, म्हैस, शेळी, मेंढी, इतर. 'इतर' दाबलं. कॉम्प्युटरनं विचारलं, देशी की संकरित? परदेशी म्हणायची सोयच नव्हती, म्हणून संकरित. पुढं विचारलं, रोजचं दूध किती लिटर? शून्य टाकलं की रकाना लाल व्हायचा. श्रीमंतनं तीनदा शून्य टाकून पाहिलं, चौथ्यांदा एक टाकलं आणि अर्ज गेला. आठवड्याभरानं दाऊदभाईंना एका बाईंचा फोन आला, की आपल्या संकरित जनावराचं दूध फारच कमी आहे, आपण पेंड कोणती घालता? दाऊदभाईंनी खरं सांगायचा प्रयत्न केला. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सरकी पेंड सुचवली.

पण खरा पेच पडला तो चौथ्या ठिकाणच्या फॉर्मात. 'सदर प्राणी यापूर्वी या परिसरात आढळत होता काय? असल्यास पुरावा जोडावा.' कारण सोडायचा तर पूर्वी असलेलाच प्राणी पुन्हा सोडता येतो, नव्यानं भलताच सोडता येत नाही. दाऊदभाई दोन दिवस जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. शरिफाबींच्या म्हणण्याप्रमाणं एकच वेळ जेवले नाहीत. शेजारी जमले. कोणी म्हणालं, पारावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र करा. कोणी म्हणालं, देवळाच्या खांबावर जो प्राणी कोरलाय तो नीट बघा, त्याला शेपूट चपटी आहे. सगळे बघायला गेले. ते कासव निघालं.

शेवटी आप्पासाहेबांनी कानिफनाथला पढवलं की माझ्या आज्यानं हा प्राणी पाहिला होता असं म्हण. कानिफनाथ अर्ज घेणाऱ्या माणसासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "माज्या आज्यानं पाह्यला हुता, असं मला सरपंचानी म्हनायला सांगितलंय."

एवढं झाल्यावर अर्ज कचऱ्यात जायचा. पण तो जंगलखात्यात नव्यानं आलेल्या सृष्टी मॅडमच्या टेबलावर गेला. त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. दाऊदभाईंच्या अनुभवात असं कधी घडलं नव्हतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पत्र आलं: 'दि. १६ रोजी प्रस्तावित ठिकाणाची पाहणी करण्यात येईल. ओढ्यात किमान गुडघाभर स्थिर पाणी असल्याची अर्जदाराने खात्री करावी.'

सगळे ओढ्यावर गेले. पाणी वाहत होतं खरं, पण घोट्याच्या वर येत नव्हतं, आणि स्थिर तर मुळीच नव्हतं; ते आपलं मजेत दुसऱ्या गावाला चाललं होतं.

"दाऊदभाई," आप्पासाहेब पाण्याकडं बघून म्हणाले, "मंजे बीव्हर यायच्या आधी बीव्हरचं काम आपनच करून ठिवायचं?"

"पाहणीपुरतं," दाऊदभाई म्हणाले.

गावात हात रिकामे होते ते फक्त बनुबाईंच्या टोळीचे. फडावर जायला अजून अवकाश होता. कोयते धार लावून ठेवले होते. बनुबाईंनी दाऊदभाईंचा मोबाईल घेतला, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाभळीच्या फांदीला टांगला, आणि चाळीस माणसांनी विलायतेतल्या त्या जाड्याचं काम ओळीनं उभं राहून पाहिलं.

"थांबवा तितं," बनुबाई म्हणाल्या. "बगा. फांदीचा बुडखा वरच्या अंगाला करतोय, जिकडनं पानी येतंय तिकडं. शेंडा खाली. मंजे पानी जेवडं रेटंल तेवडी फांदी रुतंल. हुशार हाय की वो!"

बत्तीस वर्षं बांधांच्या फायली सांभाळलेल्या दाऊदभाईंना हे कधी दिसलं नव्हतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

चार दिवस काम चाललं. वेड्या बाभळी सपासप पडल्या. उसाच्या मोळ्या बांधायची सवय असलेल्या हातांनी फांद्यांच्या मोळ्या बांधल्या, बुडखे वरच्या अंगाला करून ओढ्यात आडव्या रचल्या, दगड भरले, गवत आणि चिखल थापला. दाऊदभाई इस्त्रीची पँट घालून काठावर उभे होते. हातात टेप, काखेत वही. दर तासाला ते लांबी-उंची मोजून लिहीत. चिखलात ते उतरले नाहीत. खात्यात कारकुनानं चिखलात उतरायची पद्धत नव्हती.

"भाई," बनुबाईंनी खालून विचारलं, "बीव्हरच्यात बी कारकून असत्यात का?"

चाळीस माणसं हसली. दाऊदभाईंनी वहीत डोकं घातलं, पण ते दुखावले होते, आणि त्यांचं उत्तर तयार होईपर्यंत सुट्टी झाली होती.

तिसऱ्या दिवशी पाणी गुडघ्याला लागलं, चौथ्या दिवशी मांडीला. आत्याबाई काठी टेकत आल्या, काठावर बसल्या आणि त्यांनी पाण्यात पाय सोडले. चौदा वर्षं वाट पाहिल्यावर त्या ओढ्यात पाणी थांबलं होतं.

सोळा तारखेला पताका लावल्या, चहा ठेवला, आणि सृष्टी मॅडम आल्या नाहीत. मीटिंग लागली होती. पुढची तारीख कळवण्यात येईल, असा निरोप आला. दिवाळी झाली, टोळी निघाली. ट्रॅक्टरवरच्या भांड्याकुंड्यांच्या ढिगाऱ्यावरून बनुबाई ओरडल्या, "पान्याकडं ध्यान ठिवा, भाई! आन् आत्याबाईकडं!" दाऊदभाईंनी हात वर केला. त्या दिवसापासून ते रोज सकाळी काठीनं पाणी मोजत आणि दुपारी भाकरीच्या सुट्टीत बनुबाईंना फोनवर आकडा सांगत.

पाहणी झाली ती डिसेंबरात. मॅडम निघाल्याचा फोन आला आणि आप्पासाहेबांना परवानगी आठवली. सरकारी ओढ्यावर विनापरवाना बांध! कोणी विचारलं तर काय सांगायचं? त्यांनीच तोडगा काढला. "बीव्हरनं बांधला म्हनायचं. जनावरावर केस हुत न्हाई." आणि मग सगळ्यांनी दाऊदभाईंकडं पाहिलं, कारण या बाबतीत गावात अनुभवी माणूस एकच होता. दाऊदभाईंचे कान तापले.

सृष्टी मॅडम आल्या. वय फार तर अठ्ठावीस, पायात गमबूट. त्यांनी बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला, वाकून फांद्यांचे बुडखे पाहिले, त्यावरचे तिरके, स्वच्छ घाव पाहिले.

"कोणी बांधला?"

"बीव्हरनं, मॅडम," आप्पासाहेब म्हणाले.

"अरे वा. आम्ही न पुरवताच आले?"

"आपोआप आले. वीस जोड्या."

"मग आता कुठं आहेत? एकही दिसत नाही."

आप्पासाहेबांची तयारी इथपर्यंतच होती. त्यांनी आभाळाकडं पाहिलं. मॅडमनी कानिफनाथकडं पाहिलं. आणि कानिफनाथला तर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्यावाचून राहवत नाही.

"ऊस तोडाय गेल्यात," तो म्हणाला.

"परत कधी येतात?"

"चैतात."

मॅडमनी ओठ घट्ट मिटून घेतले. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "पंचनामा करू. चांगलं अक्षर कोणाचं आहे?"

अख्ख्या गावाची बोटं एकाच दिशेला गेली.

दाऊदभाई दगडावर बसले, मांडीवर फळी घेतली आणि लिहिलं, 'सदर बांध'. तिथं पेन थांबलं. चौदा वर्षांपूर्वीही याच दोन शब्दांपाशी सुरुवात झाली होती. तेव्हा माणसांचा नाकर्तेपणा जनावरांच्या नावावर घातला, आता माणसांचे कष्ट जनावरांच्या नावावर घालायचे. समोर पाण्याकाठी आत्याबाई हंडा घासत होत्या. दाऊदभाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी खाली वाकून भराभर लिहायला घेतलं: 'सदर बांध मौजे मोरदरा येथील बनुबाई व त्यांच्या टोळीतील वीस जोड्यांनी चार दिवसांत स्वतः बांधला. मंजुरी घेतलेली नाही. ती घ्यावी लागते हे मला माहीत होते. यात दोष असल्यास तो माझा. दाऊद सय्यद, सेवानिवृत्त कारकून.' खाली त्यांनी चाळीसच्या चाळीस नावं लिहिली, वडिलांच्या आणि नवऱ्याच्या नावांसकट. पाऊण तास लागला. मॅडम तोवर चहा प्यायल्या.

त्यांनी कागद वाचला, दाऊदभाईंकडं एकदा पाहिलं, आणि "बघते," एवढंच म्हणून गेल्या. ते दोन आठवडे दाऊदभाईंनी नोटिशीची वाट बघण्यात काढले. आलं ते पत्र असं होतं: 'पंचनाम्यावरून मागणी केलेल्या वीस जोड्या गावातच उपलब्ध असून त्या हंगामी स्थलांतर करीत असल्याचे दिसून येते. सबब नव्याने पुरवठ्याची आवश्यकता नाही. बांधाबाबत या कार्यालयाची हरकत नाही. प्रकरण बंद.' हे मॅडमनी मुद्दाम लिहिलं, की त्यांच्या कारकुनानं न समजता, ते दाऊदभाईंना जन्मभर कारकुनी करूनही ठरवता आलं नाही. आप्पासाहेबांनी पत्राला चौकट करून ते ग्रामपंचायतीत लावलं. गावात लोक दाऊदभाईंना 'बीव्हरवाले' म्हणू लागले. त्यांनी आरशासमोर एकदा तसं म्हणून पाहिलं, आणि ते त्यांना आवडलं.

हे सुख तीन आठवडे टिकलं.

पौषातल्या एका सकाळी ते काठी घेऊन ओढ्यावर गेले तर पाणी चार बोटं उतरलेलं. बांध डाव्या काठाला मिळतो तिथं मुठीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून पाणी गुळगुळ वाहत होतं. दाऊदभाई वाकले. तेवढ्यात शेजारच्या बिळातून एक भलीथोरली, केसाळ, ओली घूस बाहेर आली. ती त्यांच्याकडं बघत क्षणभर थांबली, मिशा हलवल्या, आणि सावकाश गवतात निघून गेली. ती चौदा वर्षं उशिरा आली होती. त्यांनी फोन लावला.

"बनुबाई, बांधाला भोक पडलंय. पाणी चाललंय."

"अगं बया! कशानं?"

दाऊदभाईंना वाटलं, दगड निसटला म्हणावं, खेकडा म्हणावं. पण पंचनाम्यापासून त्यांची खोटं बोलायची सवय पार गेली होती.

"घुशीनं," ते म्हणाले.

पलीकडं बनुबाईंचा फोन स्पीकरवर होता. काष्टीच्या बाजूच्या उसाच्या फडात चाळीस माणसं एकदम हसली. कोयते खाली ठेवल्याचा आवाज आला. कोणीतरी ओरडलं, "भाई, चांगल्या अक्षरात लिवा!"

"अहो, खरंच! मी डोळ्यांनी पाहिली! एवढी मोठी!"

"हसू द्या वो त्यास्नी, भाई," बनुबाई म्हणाल्या, आणि त्यांचा स्वतःचाही आवाज हसून हसून बसला होता. "आता ऐका. सांजपातुर समदं पानी जाईल. आमी हितं. तितं कोन हाय?"

"मी. आणि आत्याबाई."

"मंग उतरा की."

दाऊदभाईंनी आपल्या इस्त्रीच्या पँटकडं पाहिलं. मग चपला काढल्या, चष्मा खिशात ठेवला आणि ते पाण्यात उतरले. पाणी गार होतं, कमरेला लागलं तेव्हा त्यांच्या तोंडून "या अल्ला" निघालं. आत्याबाई काठावर काठी टेकून उभ्या राहिल्या आणि साहेब झाल्या.

"ए घुशीवाल्या, तसं न्हाई! बुडखा वरल्या अंगाला!"

"जी," दाऊदभाई म्हणाले. हाक कुठल्या नावानं आली याकडं लक्ष द्यायला त्यांना सवड नव्हती. त्यांनी फांद्या कोंबल्या, दगड बसवले, तळाचा चिखल ओंजळीनं काढून थापला. तो वाहून गेला, पुन्हा थापला. बत्तीस वर्षांच्या बांधबंदिस्तीत पहिल्यांदाच बांधाची माती त्यांच्या हाताला लागत होती, आणि त्यांना ते इतकं आवडलं की थंडी वाजायची थांबली. तासाभरानं गुळगुळ बारीक झाली.

न्याहारीची वेळ टळली म्हणून शरिफाबी डबा घेऊन शोधत आल्या. बघतात तो नवरा कमरेइतक्या पाण्यात, दाढीपर्यंत चिखल, दोन्ही हातांनी बांधावर थपाथप मारतोय. त्या हाक मारायला गेल्या आणि थांबल्या. मोबाईल काढून त्यांनी जेमतेम अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेतला आणि तमन्नाला पाठवून दिला.

लगेच उत्तर आलं. हसून रडणारी चार-पाच तोंडं, आणि खाली: 'अम्मी, किती जोड्या आल्या?'

शरिफाबींनी एकदा पाण्याकडं पाहिलं. डाव्या कोपऱ्यातून अजून थोडं गळत होतं आणि एकट्याचे हात तिथवर पुरत नव्हते. त्यांनी मोबाईल आणि डबा आत्याबाईंच्या हाती दिला, साडी गुडघ्याच्या वर खोचली आणि पाय पाण्यात घातला.

"आत्याबाई, तेवढं बटन दाबून तिला सांगा," त्या म्हणाल्या. "एक."